मिरगाआधी एक दिवस आपला

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)

आज कर्ज, परतफेड, ऑडिट हे सगळं बोलून झालं. मला विषय दिलाय तो वेगळा आहे. विषय आहे सहल. हसू नका. हाही गटाचाच विषय आहे, आणि तो का, ते सांगते.

एप्रिल-मे म्हणजे आपल्या किनाऱ्यावर माणसांचा पूर. मुंबईहून चाकरमानी येतात, कोल्हापूर-पुण्याहून पर्यटक येतात. मालवणात, तारकर्लीत, देवबागात गाड्या ठेवायला जागा मिळत नाही. आपल्यातल्या कितीजणी ह्या दिवसांत खानावळ चालवतात, घावणे-वडे करून देतात, कोकम सरबत विकतात, खोल्या झाडून देतात. घरात पाहुणे असतात ते वेगळेच. वर आंबा आहे, काजू आहे, लग्नं आहेत. म्हणजे सगळ्या जगाची सुट्टी ती आपली सुगी.

आता एक प्रश्न विचारते, हात वर करा. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसतो. बोटीत बसून तो आतून बघितलाय कोणी कोणी? ... बघा. शंभरेक बायका बसलोय आणि पंचवीस हातसुद्धा वर नाहीत. नाशिकचा माणूस येऊन बघून जातो आणि आपण त्याच्या जेवणाचं बघतो.

ह्यात पाहुण्यांचा दोष नाही. त्यांच्यामुळे चार पैसे मिळतात. पण जो दर्या आपण त्यांना दाखवतो तो वर्षातून एक दिवस आपलाही असायला हवा, इतकंच माझं म्हणणं आहे.

दिवस कधीचा धरायचा

मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याच्या आणि पर्यटनाच्या बोटी बंद होतात, त्या सप्टेंबरपर्यंत. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद. मग मिरग आला की आपण शेतात. म्हणून आजपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जो वेळ आहे तोच. शनिवार-रविवार टाळा, तेव्हा गर्दी असते आणि खानावळवाल्या तायांना निघता येत नाही. मंगळवार, बुधवार बरा.

दिवस ठरवताना कॅलेंडरमधली तिथी बघा. आपल्या जुन्या माणसांचा भरतीचा हिशेब सगळ्या मुलींना शिकवण्यासारखा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी तितकं चढत-उतरत नाही.

मुलांना घेऊन वाळूवर फिरायचं असेल, शिंपले वेचायचे असतील, खाडीत तिसरे-कालवं काढायची असतील तर ओहोटीची वेळ गाठा. हा नुसता अंदाज आहे हं. बोटीत बसायचं तर बोटवाल्याला विचारूनच.

जायचं कुठे

फार लांब जायची गरज नाही. तीन-चार ठिकाणं सांगते, तुमच्या गावापासून जे जवळ ते धरा.

पहिला सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. पण मला वाटतं आपल्या बायकांनी मुद्दाम बघाव्या त्या तिथल्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड पाण्याच्या बावी. ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहिलंय त्यांना त्याची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

दुसरं, वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनात होडीतून फेरी मारून आणतात. आपल्यासारखाच गट. होडी वल्हवायला शिकल्या, खारफुटीची झाडं आणि पक्षी ओळखायला शिकल्या, आणि आता येणाऱ्या माणसांना माहिती सांगतात. त्यांच्या होडीत बसाच. करमणूक होईल आणि डोक्यात चार नवे विचारही येतील. होडी पुरुषांनीच चालवायची हा समज तिथे पाण्यात सोडून या.

तिसरं, शिरोडा. सुरूच्या बनात सावली आहे, किनारा लांबलचक आहे. १९३० साली ह्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. ज्यांचं ‘ययाति’ आपल्यातल्या काहीजणींनी वाचलं असेल ते वि. स. खांडेकर ह्याच गावातल्या शाळेत मास्तर होते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे सांगा. मिठागरं दाखवा, पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर येईल.

चौथं, देवगडकडच्या तायांना कुणकेश्वर आणि विजयदुर्ग. देवळाच्या खालीच समुद्र, देवदर्शन आणि फिरणं एकाच वेळी. सासूबाईंना घेऊन जायचं असेल तर हे सगळ्यात सोपं.

आणि ज्यांना दिवसा निघताच येत नाही त्यांच्यासाठी आपला दशावतार आहे. मेपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतंच. तिकीट नाही, नाटकाचा खर्च गाव किंवा देवस्थान करतं. जेवणं आटपून रात्री उशिरा सुरू होतं. संकासूर आला की मुलं हसून हसून लोळतात, आणि पुरुषमाणूस लुगडं नेसून आपल्यापेक्षा ठसक्यात चालतो ते बघायला म्हातारीसुद्धा जागी राहते. फक्त सात-आठजणींनी मिळून जा, बॅटरी घ्या, चटया घ्या, आणि ज्या मिळून गेल्या त्यांनी मिळूनच परत यायचं. खाजं घ्यायला विसरू नका.

पैशाचं काय

हा खरा प्रश्न. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, कर्ज तर काढायचंच नाही. आपली पंचसूत्री मोडून केलेली मजा पुढच्या महिन्यात रडवते.

ह्या वर्षी ज्याचा त्याने खर्च करायचा, पण कमीत कमीत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांच्या पुढच्या आजींना तर एसटी फुकट. त्यांचं आधार कार्ड बरोबर ठेवा. खाजगी गाडी ठरवण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. पूर्ण बस हवी असेल तर प्रासंगिक करारावर मिळते. त्याचे दर आगारात जाऊन आधी विचारा.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच ठराव करा. नारळी पौर्णिमेपासून दर आठवड्याला प्रत्येकीने १० रुपये वेगळे टाकायचे. मे येईपर्यंत साधारण ४० आठवडे होतात. म्हणजे एकीचे ४०० रुपये, दहाजणींच्या गटाचे ४,००० रुपये. वहीत वेगळं पान, नाव ‘सहल निधी’. बचतीत मिसळायचा नाही, त्यातून कोणाला उसने द्यायचे नाहीत. हिशेब सहलीनंतरच्या बैठकीत वाचून दाखवायचा.

आणि एक सुचवते. जेवण आपण करून न्यायचं नाही. पहाटे तीनला उठून वीसजणींच्या भाकऱ्या थापल्या तर ती सहल कसली? ज्या गावात जाल तिथे आपल्याच प्रभागसंघातला किंवा शेजारच्या प्रभागसंघातला गट खानावळ चालवत असेल. आठ दिवस आधी त्यांना सांगा. आमच्या गटाने तुमच्याकडे जेवायचं, तुमच्या गटाने आमच्याकडे. शिरवाळे आणि नारळाचा रस आयता पानात पडू दे एकदा. पैसा बायकांकडून बायकांकडेच जाईल आणि ओळखीही होतील.

पाण्याशी मस्करी नको

२४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. आपण किनाऱ्यावरच्या, म्हणून आपल्याला काही होत नाही असं समजू नका. आपल्यातल्या किती बायकांना पोहता येतं?

बोटीत जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही. बोटवाला म्हणाला ‘काय होत नाय’ तरी नाही. बोट भरलेली दिसली तर दुसरीची वाट बघा.

पाण्यात गुडघ्यापर्यंतच. साडी भिजली की जड होते आणि पाय गुंततात. लाटा फुटतात त्यांच्या मधेच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत आत जात असतं, तिथे ओढ असते. त्यात कोणी सापडलं तर किनाऱ्याकडे जोर लावून उपयोग नसतो, माणूस दमतो. हात वर करून ओरडायचं, तरंगत राहायचं आणि किनाऱ्याला समांतर सरकायचं. ओढ संपली की मग बाहेर. वाचवायला पोहता न येणारीने उडी मारायची नाही. दोर टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन टाका, जीवरक्षकाला हाक मारा. १०८ आणि ११२ हे दोन नंबर सगळ्यांना पाठ हवेत.

दोन मुलांमागे एक बाई, आणि तिने तेवढंच बघायचं. बारा ते तीन उन्हात फिरायचं नाही, सावली धरून बसायचं. पाणी आणि कोकम सरबत भरपूर.

कोणाला मागे ठेवायचं नाही

हे शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

घरी सांगितलं की ऐकू येतं, ‘ह्या वयात खय फिराक जातलंस?’ नाहीतर, ‘लोक काय म्हणतले?’ एकटीला असं म्हटलं की ती गप्प बसते. पण गटाच्या वहीत तारीख लिहिली, बाराजणींनी सह्या केल्या, की ती गटाची बैठक होते. घरच्यांना आठ दिवस आधी सांगा. त्या दिवशीचं जेवण त्यांनी करू दे. मुंबईचे पाहुणे असतील तर त्यांनाही सांगा, ‘आज चूल तुमची.’ कोणी उपाशी राहणार नाही.

आपल्या गटांत नवरा गेलेल्या ताया आहेत, नवऱ्याने सोडलेल्या आहेत. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसतं, लग्नात त्या मागे उभ्या राहतात. कितीतरीजणी अशा की बाजार आणि दवाखाना सोडून वर्षानुवर्षं कुठे गेलेल्या नाहीत. बचतीच्या वहीत त्यांचं पान आपल्यासारखंच आहे ना? मग एसटीतही त्यांची जागा आपल्या शेजारी. कोणी येत नाही म्हणाली तर दोघींनी तिच्या घरी जा. पैसे नाहीत म्हणून येत नसेल तर ते तिने चारचौघीत सांगायची वेळ आणू नका, आपसात बघा. पायाने अधू असेल तर किल्ल्याऐवजी सुरूचं बन निवडा. ठिकाण बदललं तरी चालेल, पण ती आपल्याबरोबर हवी.

अडीअडचणीला एकमेकींना जामीन राहणाऱ्या बायका आपण. पण एकमेकींच्या बरोबर हसत बसलेल्या किती? गट टिकतो तो नुसत्या व्याजावर टिकत नाही. ज्या बाईबरोबर तुम्ही वाळूत बसून कलिंगड खाल्लंय, तिचा हप्ता थकला तर तुम्ही तिला बैठकीत टाकून बोलत नाही. आधी तिच्या घरी जाऊन विचारता, काय गो बाय, काय झालं?

म्हणून येत्या बैठकीत विषय पत्रिकेवर एक ओळ वाढवा : सहल. तारीख, ठिकाण, निघायची वेळ आणि जबाबदार दोघी, एवढं लिहून सह्या घ्या. तारीख ठरली की ग्रामसंघात कळवा, म्हणजे जेवणाला जवळचा गट जोडून देता येईल.

बोटी थांबायला महिनाभर आहे. तेवढ्यात एक दिवस काढा.