चित्रण संगणकात का उतरत नाही?



विश्वामित्री नदीच्या काठी वसलेले अकोटा हे आज बडोदे शहराचाच एक भाग होऊन गेले आहे. प्राचीन काळी अंकोट्टक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी १९५१ साली जमिनीखाली ६८ जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. सहाव्या ते बाराव्या शतकांतील या मूर्तींचा अभ्यास करून डॉ. उमाकांत शहा यांनी १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. काही मूर्तींवर दात्यांची नावे कोरलेली असल्याने त्यांचा काळ ठरविणे सुकर झाले. शतकानुशतके मातीत राहूनही धातू टिकला आणि अक्षरेही टिकली.

आजचे गाव आपला ठेवा धातूत ओतीत नाही. ग्रामसभा, शाळेचे स्नेहसंमेलन, पूर आलेल्या रात्रीची पाहणी, गावातील सर्वांत वृद्ध ओवीगायिकेचा आवाज, हे सारे नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठविले जाते. शिक्षक किंवा ग्रामसेवक ते कार्ड संगणकाला लावतात, संपादनाचे सॉफ्टवेअर उघडतात आणि उत्तर येते की, ही फाइल उघडता येत नाही. कधी आवाज ऐकू येतो, पण चित्राच्या जागी काळा पडदा दिसतो. कधी बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतात. ‘कार्ड बिघडले’ असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो, कार्ड फॉरमॅट होते आणि पुढील कार्यक्रमासाठी वापरातही येते. घात होतो तो येथे. कारण अशा बहुतेक प्रसंगी चित्रण शाबूत असते.

याच बडोद्यातील कलाभवनात दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. पुढे १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, त्याबरोबर कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही आणले. अंधारात बसून ही भोके पाडण्याचे जिकिरीचे काम सरस्वतीबाई फाळके करीत असत. भोकांचे अंतर चुकले तर उत्तम कॅमेराही उत्तम फिल्म ओढू शकत नसे. दोष दोहोंपैकी एकातही नसे. माप जुळत नसे, एवढेच. संगणकातील अडचणही बहुधा याच जातीची असते.

कॅमेरा चित्र जसेच्या तसे साठवीत नाही. जागा वाचावी म्हणून तो ते आवळून ठेवतो. आवळण्याच्या या रीतीस कोडेक म्हणतात. फाइलच्या नावापुढील ‘एमपी४’ हे केवळ पेटीचे नाव होय. पेटीत काय आहे ते त्यावरून कळत नाही. बरीच वर्षे रूढ असलेली एच.२६४ ही रीत २००३ सालची, तर एच.२६५ ही २०१३ सालची. दुसरी तेच चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसविते, म्हणून अनेक नवे मोबाइल तिचा अवलंब करतात. जुन्या संगणकाला ती उलगडता येत नाही आणि पडदा काळा राहतो. व्हीएलसी या विनामूल्य प्रणालीत तीच फाइल चालली, तर चित्रण सुरक्षित आहे असे समजावे. पेटीच्या आत कोणती रीत आहे, हे मीडियाइन्फो ही लहानशी प्रणाली मूर्तीवरील लेखाप्रमाणे वाचून दाखविते. त्यानंतर हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनाने एच.२६४मध्ये प्रत काढली की काम होते. मूळ फाइल मात्र पुसू नये. पुढील चित्रणासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यातच अधिक सुसंगत स्वरूपाचा पर्याय निवडून ठेवणे श्रेयस्कर.

ओठ व आवाज यांची फारकत होण्याचे कारण निराळे आहे. फाळक्यांनी कुंडीतील अंकुराच्या वाढीचे चित्रण थोड्याथोड्या अवधीने एकेक चित्र घेऊन केले होते. चित्रे समान अंतराने घेतली, म्हणूनच पडद्यावर अंकुर संथपणे वाढताना दिसला. मोबाइल मात्र प्रकाश कमी झाला किंवा यंत्र तापले की सेकंदाला कधी ३०, कधी २४ चित्रे घेतो. संपादनाचे सॉफ्टवेअर वेग एकसारखा आहे असे धरून चालते, आणि तासाभराच्या ग्रामसभेत आवाज हळूहळू चित्रापासून दूर जातो. प्रत काढताना ‘स्थिर वेग’ हा पर्याय निवडल्यास हा दोष सहसा नाहीसा होतो.

हातात धरावयाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची अडचण आणखी वेगळी. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डावर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून कॅमेरा लांब भाषणाचे तुकडे करतो आणि ते कसे जोडावयाचे याची नोंद शेजारच्या फोल्डरांत ठेवतो. घाईने केवळ मोठ्या फाइली उचलल्या तर जोडावर शब्द तुटतो. कार्डावरील सर्व फोल्डर, निरुपयोगी वाटणाऱ्या लहान फाइलींसह, जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. तत्पूर्वी कार्डाच्या कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवावी, म्हणजे चुकूनही काही पुसले जाणार नाही.

कार्यालयांतून हल्ली चित्रण व्हॉट्सॲपवरून मागविण्याची रीत पडली आहे. ती सोयीची खरी, परंतु त्या मार्गाने येणारे चित्र पुन्हा आवळले जाऊन निकृष्ट होते, आणि मग संपादकास बोल लागतो. पाठवावयाचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

चित्रण चालू असता बॅटरी संपली तर फाइल व्हीएलसीतही उघडत नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका कॅमेरा बहुधा शेवटी लिहितो. अनुक्रमणिका नसली तरी चित्रे आत असू शकतात. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत घेतलेली एक चांगली फाइल नमुन्यादाखल जवळ असल्यास जाणकारास ती पुष्कळदा पुन्हा उभी करता येते. चुकून पुसलेल्या फाइलीही फोटोरेकसारख्या विनामूल्य साधनाने अनेकदा परत मिळतात. अट एकच, त्या कार्डावर नवे काहीही लिहिले गेलेले नसावे.

‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ सालचा चित्रपट आज संपूर्ण उपलब्ध नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत पुष्कळ जुन्या फिल्म नष्ट झाल्या होत्या. ओवी गाणारी आजी पुढील वर्षी पुन्हा गाण्यास असेलच, असे नाही. म्हणून चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात, त्या मध्ये व शेवटी उघडून पाहाव्यात, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करावे. तेही संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच.