जसा चारा, तसा रंग



आज आपण शोभेच्या माशांविषयी चार गोष्टी बोलू. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथे पुष्कळ घरांत काचेच्या पेटीत मासे असतात. घरी टाकी बांधून सोनमासे वाढवले, तर ते या शहरांत विकता येतात. पण गिऱ्हाईक आधी काय बघते? रंग! मासा फिका पडला की भावही पडला.

मग हा रंग येतो कुठून? काळा रंग मासा स्वतःच्या अंगात तयार करतो. लाल, केशरी, पिवळा रंग मात्र त्याला तयार करता येत नाही. तो खाण्यातून मिळवावा लागतो. शेवाळात हे रंगद्रव्य असते. बारीक जीव शेवाळ खातात. मासा ते जीव खातो, आणि रंग त्याच्या कातडीत उतरतो.

खरे वाटत नाही? ठाण्याच्या खाडीवर जाऊन बघा. तिथे दरसाल हजारो रोहित पक्षी येतात. २०१५ साली सरकारने तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य केले. या पक्ष्यांची पिल्ले करडी असतात. शेवाळ आणि बारीक जीव खाता खाता ती मोठेपणी गुलाबी होतात. आपल्या घरचेच बघा ना. कोंबडी हिरवा पाला खाते, तेव्हा अंड्याचा बलक पिवळाधमक होतो.

तेव्हा माशांना नुसता भात, पाव घालू नये. नेहमीच्या खाद्यात थोडा सुका जवळा धुऊन, कुटून मिसळावा. उकडलेले गाजर किसून घालावे. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून त्यांची पूड चिमूटभर घालावी. फवारणी केलेली फुले मात्र नकोत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे टाकावे. उरलेले कुजते आणि पाणी नासते.

फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात. घाई करू नये. पांढऱ्या जातीचा मासा काही लाल होणार नाही. आजाराने, घाण पाण्यानेही मासा फिका पडतो, तेही तपासावे.

काही लोक माशाला सुईने रंग टोचतात. त्याने मासा हाल सोसतो आणि रंगही टिकत नाही. असा मासा आपण विकू नये, घेऊही नये. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दारी येत नाही.