सर्वांचे ते माझे
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांना सुनागरिकत्व कसे शिकवावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय पाठ्यपुस्तकात आहेच, आणि परिपाठात संविधानाची उद्देशिकाही वाचली जाते. मुले ती घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु पाठांतर झाले म्हणजे संस्कार झाला, असे नव्हे.

आपल्या समाजात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही! घरच्या तांब्याला पोचा पडला तर हळहळणारा मनुष्य गावच्या हातपंपाचा दांडा मोडलेला पाहूनही खुशाल पुढे जातो. विचारावे तर उत्तर मिळते, "सरकारी आहे." ही समजूत मूल मोठ्यांकडे पाहूनच उचलते. तिच्या जागी 'जे सर्वांचे, ते माझेही' हा भाव रुजविणे, हेच माझ्या मते नागरिकत्वाचे पहिले शिक्षण होय.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या लेण्यांपाशी आला. दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. त्या वेळी आत माती-दगडांचा ढीग साचलेला होता. त्यावर उभे राहून कोरल्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. सुशिक्षित मनुष्याची ही कथा! अजिंठा व वेरूळ ही दोन्ही स्थाने १९८३ साली जागतिक वारसा ठरली. आपली मुले तेथे सहलीस जातात. निघण्यापूर्वी वर्गात एवढेच विचारावे, "ही लेणी कोणाची?" बहुतेक मुले म्हणतील, "सरकारची." तेव्हा सांगावे, "तुझीही आहेत." मग वर्गाच्या भिंतीवर खिळ्याने ओरखडलेली नावे दाखवावीत. दोन्ही कृत्यांत फरक कोणता, हे मुलांनाच शोधू द्यावे.

दुसरी गोष्ट कराची. शहरालगतच्या पाटोदा गावात सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबास ग्रामपंचायतीच्या गिरणीतून धान्य मोफत दळून दिले जाई. कर म्हणजे दंड नव्हे, ती गावाच्या संसारातील आपली वर्गणी आहे, हे पिठाच्या डब्यावरून घरोघरी कळले. चौथीच्या मुलांना गणितात घरपट्टी व पाणीपट्टी यांची उदाहरणे घालावीत. त्या पैशातून दिवाबत्ती व पाणी कसे येते, हे ग्रामसेवकास वर्गात बोलावून सांगवावे. मात्र कोणाच्या घरची थकबाकी वर्गात उच्चारू नये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकराला चारचौघांत खाली पाहावयास लावून नागरिक घडत नसतो.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. शाळेत झाडू कोणाच्या हाती असतो आणि झेंड्याची दोरी कोणाच्या हाती असते, हे आपण एकदा तपासून पाहावे. झाडणे मुलींकडे, दोरी मुलांकडे. पाणी भरण्यास अमुक घरची मुले नकोत, शौचालय धुण्यास मात्र तमुक घरची हवीत, असे जेथे घडते, तेथे उद्देशिकेतील 'समानता' हा शब्द मुलांच्या ओठांवरच राहतो. १९५० साली संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु ती वर्गातून गेली की नाही, याचा निर्णय पाण्याच्या माठापाशी होतो. यास्तव कामांची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी व तो क्रम कोणासाठीही मोडू नये. पालक तक्रार घेऊन आले, तर शांतपणे हजेरीपट दाखवावा. पोषण आहाराच्या पंक्तीतही मुले त्याच क्रमाने बसवावीत, आणि शिक्षकाने त्याच पंक्तीत बसून दोन घास खावेत.

चौथी गोष्ट शालेय मंत्रिमंडळाची. पुष्कळ ठिकाणी गुरुजीच हुशार मुलांची नावे वाचून दाखवितात आणि निवडणूक संपते. त्याऐवजी चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घ्यावे व मुलांसमक्ष मोजावे. जो पडेल त्यासही एखादे काम सोपवावे, आणि निवडून आलेल्याने दर शनिवारी आपल्या कामाचा हिशेब वर्गापुढे द्यावा. हरणे म्हणजे वैर नव्हे व जिंकणे म्हणजे मालकी नव्हे, हे ज्याने दहाव्या वर्षी अनुभवले, तो पुढे ग्रामसभेत निराळ्या रीतीने बसेल.

१९७६ साली संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, वारशाचे जतन व बंधुभाव ही त्यांतलीच होत. २००२ साली आणखी एक कर्तव्य जोडले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे, हे ते पालकांचे कर्तव्य. ऊसतोडीच्या हंगामात ज्या मुलाची जागा वर्गात रिकामी पडते, त्याच्या घरी जाऊन आईबापांशी बोलणे हाही नागरिकशास्त्राचाच तास आहे, असे मी समजतो.

यांतील कशालाही निधी लागत नाही किंवा मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मुले आपले बोलणे थोडे ऐकतात आणि वागणे पुष्कळ पाहतात. तेव्हा उद्या शाळा भरण्यापूर्वी झाडण्याच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावा, आणि त्यात पहिले नाव आपले घाला, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.