बासष्टातून अठ्ठावीस



गणिताच्या परिषदेत अध्यक्षाने आर्यभट-भास्कराचार्यांपासून सुरुवात करावी असा रिवाज आहे. ते वंदन आपण सर्वांनी मनोमन केले असे समजते आणि फळ्याकडे वळते. फळ्यावर दोन वजाबाक्या आहेत: ६३ − २८ आणि ६२ − २८. तिसरीच्या चाचणीत यांतली कोणती घालाल? दोन्ही हातच्याच्या, मग कोणतीही चालेल, असे कोणीही म्हणेल.

पहिली सोडवू. एका पोराला हातचा माहीतच नाही. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून ते आठातून तीन काढते, राहिले पाच. सहातून दोन गेले, चार. उत्तर ४५. दुसरे पोर दशक सुटा करते, तेरातून आठ काढून पाच लिहिते, पण सहाचे पाच करायला विसरते. सहातून दोन, चार. त्याचेही उत्तर ४५. एकाला दशक सुटा करणे पहिल्यापासून शिकवायला हवे, दुसऱ्याला नुसते शेजारच्या घराकडे बोट दाखवले तरी पुरे. कागदावर मात्र दोघे जुळे भाऊ. आता ६२ − २८ द्या. पहिल्याचे ४६ येते, दुसऱ्याचे ४४. पेपर हातात घेतल्या घेतल्या कळते, कोणाजवळ किती वेळ बसायचे. एककाच्या घरातल्या अंकांत पाचाचा फरक असला की हा घोटाळा होतो. ५१ − २६, ७४ − ३९ ही त्याच वाणाची उदाहरणे. आपल्या प्रश्नपत्रिका काढून बघा, किती सापडतात ते.

मुलांच्या चुका अशा नेमाने होतात, ही गोष्ट अमेरिकेतल्या ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीवरच दाखवून दिली. चुकीचा का होईना, मूल एक नियम धरून चालते. वर्गात रोज वह्या तपासणाऱ्याला हे आतून ठाऊक असते. फक्त ते लिहून ठेवायला आपल्याकडे रकाना नसतो.

रकाने तसे कमी नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, आणि ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते आपल्या शाळांत आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली. पहिली-दुसरीला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे वजन सत्राअखेरच्या संकलितपेक्षा कितीतरी जास्त ठेवले. कल्पना उत्तम होती, मी आजही तिच्या बाजूने आहे. पण झाले काय? वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘गणितातील क्रिया अचूक करतो’, ‘सरावाची गरज आहे’. सत्र संपता संपता एका बैठकीत चाळीस मुलांचे वर्षभराचे निरीक्षण पूर्ण! हसू नका, आपण सगळे त्याच बैठकीला होतो.

मग वरून चाचण्या आल्या. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. गुण ऑनलाइन भरायचे, मुदतीत भरायचे. ‘असर’चे सर्वेक्षक २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना अंकओळख, वजाबाकी, भागाकार विचारतात, त्यातून जिल्ह्याचे, राज्याचे चित्र कळते आणि ते कळायलाच हवे. पण राज्याचे चित्र काढणारी मोजपट्टी माझ्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीसाठी बेतलेली नसते. तिचे काम मलाच करावे लागते.

ती मुलगी घ्या. ६२ − २८ चे उत्तर तिने ऑगस्टमध्ये ४६ काढले. दिवाळीच्या आधी ४४. जानेवारीत ३४. गुणपत्रक म्हणते शून्य, शून्य, एक. म्हणजे दिवाळीपर्यंत प्रगती नाही, आणि नंतर एकदम चमत्कार! वास्तविक वर्षातली सगळ्यात मोठी मजल तिने त्या दोन शून्यांच्या मधे मारली. दशक सुटतो, हे तिला तेव्हाच उमगले. त्या वेळी पालकसभेत तिच्या आईला आपण काय सांगितले असेल, याचा जरा विचार करा.

पहिलीत तर कागदाचीही गरज नाही. पोराला आठ आणि पाच मिळवायला सांगा आणि बोटांकडे बघा. जूनमध्ये ते एकपासून मोजत तेरापर्यंत जाते. कधीतरी श्रावणात ते ‘आठ’ म्हणून थांबते आणि नऊपासून पुढे मोजते. उत्तर दोन्ही वेळा तेराच, बरोबरच! लेखी चाचणीला यातला फरक कधीच दिसणार नाही.

वेळ कुठे आहे, असे कोणीतरी मागच्या रांगेत पुटपुटले. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, वर निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे, हे मला सांगायला नको. म्हणून मी नवी नोंदवही सुचवणार नाही. दिवसाला चार मुलांना एकच प्रश्न: ‘कसं काढलंस, सांग बघू.’ हजेरीपटासारख्या एका पानावर मुलांची नावे आणि त्यापुढे गुणांऐवजी त्यांनी काढलेले उत्तर, जसेच्या तसे. ४६, ४४, ३४. बाकी काही लिहू नका.

शिक्षण खात्याकडे मात्र दोन मागण्या आहेत आणि त्या ठरावात घ्याव्यात अशी माझी सूचना आहे. राज्यस्तरीय चाचणीच्या गणिताच्या प्रश्नात कोणते अंक का निवडले, ते शिक्षक सूचनापत्रात छापावे. कोणत्या चुकीने कोणते उत्तर येईल, हेही सोबत द्यावे. आणि गुण भरण्याची मुदत आठ दिवसांनी वाढवावी, म्हणजे उत्तरपत्रिका आधी वाचता येतील आणि बेरीज नंतर करता येईल. दुपारच्या सत्रात यावर चर्चा आहे. येताना आपापल्या वर्गाची एक-एक तपासलेली वही घेऊन बसा.