धार-देवासचा विकास : पात्र कोण, अपात्र कोण?



धार आणि देवास या विषयावर मराठी माणसाला बोलायला उभे केले की भाषण कुठून सुरू होणार हे आपल्याला पाठ आहे. पवार घराणे, धारच्या किल्ल्यात १७७५ साली झालेला दुसऱ्या बाजीरावाचा जन्म, देवासची टेकडी, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि शेवटी १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी देवासला आलेले कुमारजी. मीही अशी भाषणे केली आहेत आणि त्यांबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण आज मला दुसरे काही बोलायचे आहे. गेल्या पन्नास वर्षांत या दोन जिल्ह्यांत पुष्कळ काही आले. कारखाने आले, धरणाचे पाणी आले, योजना आल्या. जे आले त्याची मोजदाद सरकार करते. ते कोणापर्यंत पोचले, याची मोजदाद कमी होते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही, साहित्य शिकवते. तेव्हा आकड्यांपेक्षा शब्दांकडे माझे लक्ष जास्त जाईल, ते आपण चालवून घ्याल.

साहित्यातूनच सुरुवात करते. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये काही महिने देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. त्या दिवसांवरचे त्याचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये आले आणि आपल्या घराघरांत त्याचे कौतुक झाले. त्यात उत्सव आहे, दरबार आहे, महाराजांवरचे प्रेम आहे. बांधता बांधताच मोडकळीला येणारा नवा राजवाडाही आहे. त्या वाड्याचे पैसे कोणत्या शेतसाऱ्यातून येत होते, याचा विचार आम्ही वाचकांनी फारसा केला नाही. संस्थान पुढे इतके कर्जबाजारी झाले की महाराज तुकोजीराव १९३३ च्या अखेरीस फ्रेंच अमलाखालच्या पाँडिचेरीला निघून गेले आणि परत आले नाहीत. गंमत अशी की याच महाराजांचे शिक्षक म्हणून १९०७ मध्ये देवासला आलेले माल्कम डार्लिंग पुढे पंजाबात गेले आणि १९२५ मध्ये तिथल्या शेतकऱ्याच्या कर्जावर त्यांनी जे पुस्तक लिहिले ते आजही अर्थशास्त्रात वाचले जाते. देवासच्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र असे पुस्तक आले नाही.

आता पाण्याकडे येते, कारण देवासची खरी गोष्ट पाण्याची आहे. माळव्यात पावलोपावली पाणी, असे जुने लोक म्हणत. १९७४ मध्ये देवासला नोटांचा छापखाना, म्हणजे बँक नोट प्रेस, सुरू झाला. त्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, महाराष्ट्रातूनही कारखाने आले. शहर फुगले तसे जुने तलाव बुजवले गेले, त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले. ज्याला परवडेल त्याने जमिनीत भोक पाडून पाणी उपसले. आणि १९९० च्या एप्रिलमध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. ढोल-नगारे वाजवून त्या गाडीचे स्वागत झाले. अनुपम मिश्र यांनी तलावांवरच्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. देशाच्या नोटा छापणाऱ्या शहरात पाणी रेल्वेने येत होते.

त्या उन्हाळ्यात मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरी बोअर होती. वडिलांनी चार वर्षांपूर्वी, पहिल्या झटक्यात, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून ती खणली होती. मागच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन टाकीपाशी रांगेत असत आणि मी परीक्षेसाठी ‘दुष्काळ’ या विषयावर निबंध पाठ करत असे. आमच्या बोअरमुळे मागच्या वस्तीतला हातपंप आटला का, हे मला सांगता येणार नाही. पण पाणी एकाच जमिनीतले होते आणि आमची नळी त्यांच्यापेक्षा खोल गेली होती, एवढे मला माहीत आहे. विषमता म्हणजे कोणीतरी दुष्ट माणूस दुसऱ्याचे ओरबाडतो, अशी आपली एक कथात्मक समजूत असते. आमचे वडील सज्जन गृहस्थ होते. मागणाऱ्याला त्यांनी पाणी कधी नाकारले नाही. तरीही ते मागावे लागत होतेच.

२००६ मध्ये देवासला उमाकांत उमराव नावाचे जिल्हाधिकारी आले. बोअरमागे बोअर कोरडी जात होती आणि शेतकरी कर्जात बुडत होता. उमरावांनी मोठ्या शेतकऱ्यांना गोळा केले आणि जमिनीच्या दहाव्या हिश्शात स्वतःच्या खर्चाने तलाव खणा, असे पटवले. सुरुवातीला सरकारी अनुदान नव्हते, राज्याची बलराम तलाव योजना नंतर आली. या शेततळ्यांना ‘रेवासागर’ असे नाव दिले गेले. बघता बघता जिल्ह्यात हजारो तळी झाली. सोयाबीननंतर शेत पडीक राहत होते, तिथे गहू-हरभरा उभा राहिला. टोंक कलाँसारख्या गावांत पक्षी परतले, हे पाहायला लोक दुरून येऊ लागले. सरकारी धोरण माणसाशी बोलून ठरले तर काय होऊ शकते, याचे हे फार चांगले उदाहरण आहे. ते मी मनापासून मांडते.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा. ज्याच्याकडे दहा एकर आहेत तो एक एकर पाण्याला देऊ शकतो. ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याने काय द्यायचे? आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्या मजुराचे तळे कुठले? मोठ्यांपासून सुरुवात करण्यामागे तर्क होता. सर्वांत जास्त उपसा त्यांचाच होता, आणि धोका पत्करायची ऐपतही त्यांचीच होती. दुसरे पीक आले तशी मजुरीही वाढली असणार. तरी तळ्याचे पाणी सातबाराच्या मागोमाग गेले (आमच्याकडे सातबारा म्हणत नाहीत, खसरा-खतौनी म्हणतात, पण मराठी श्रोत्यांना चटकन कळावे म्हणून). पूर्वी गावाच्या तलावावर सगळ्या गावाचा थोडाफार हक्क असे. जातीच्या उतरंडीसकट, हे विसरता येत नाही. शेततळ्याला मालक असतो. आणि उद्योगांसाठी? त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या नेमावरहून नर्मदेचे पाणी नळाने आणले गेले. गरज पडली की पाणी डोंगर चढते, फक्त कोणाची गरज हे पाहावे लागते.

धारचे औद्योगिक चित्र थोडक्यात सांगते. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, पण ते इंदूरचे म्हणूनच ओळखले जाते. १९८० च्या दशकात तिथे मोटारींचे कारखाने आले, पुढे विशेष आर्थिक क्षेत्र झाले, २०२१ मध्ये अकरा किलोमीटरहून लांब अशी वाहन-चाचणीची धावपट्टी झाली. २०११ च्या जनगणनेत पीथमपूरची वस्ती सव्वा लाखाच्या वर आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या धारची एक लाखाच्या आत होती. ज्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, तिथे एवढे मोठे उद्योगनगर उभे राहिले. मग भिल्ल-भिलाला तरुणांनी परराज्यात का जावे? तरीही होळी झाली की बसेस भरून गुजरातकडे जातात. धार, झाबुआ, अलीराजपूरचे मजूर तिथल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिस घेऊन परतले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. हे लोक कारखान्यात कामाला गेलेच होते, म्हणजे ‘आदिवासींना उद्योगाची आवड नाही’ हे जे आपण दिवाणखान्यात ऐकतो ते खरे नव्हे. आणि २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळण्यासाठी आणला गेला तो पीथमपूरलाच. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. तो कचरा त्याच वर्षी जाळण्यात आला.

आता ज्या शब्दासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. ‘पात्र’ हा शब्द. मराठीत नदीला पात्र असते, नाटकात पात्र असते आणि सरकारी यादीत माणूस पात्र किंवा अपात्र असतो. सरदार सरोवराने मध्य प्रदेशात १९२ गावे आणि धरमपुरी हे एक नगर बाधित झाले. धरमपुरी धार जिल्ह्यात आहे. निसरपूर, चिखल्दा ही कुक्षीकडची गावेही धारचीच. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असे स्पष्ट म्हटले होते. विजेतला ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला, १६ टक्के गुजरातला, हेही ठरले होते. विजेच्या वाट्यात पात्रतेचा प्रश्न आला नाही, तो माणसांच्या बाबतीत आला. मागे साचणाऱ्या पाण्याची पातळी नव्याने काढली गेली आणि १५,९४६ कुटुंबे कागदावर बुडिताबाहेर गेली. ती अपात्र झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना दोन हेक्टरांपोटी प्रत्येकी ६० लाख रुपये द्यायला सांगितले, म्हणजे ३८ वर्षांनंतरही जमीन न मिळालेली माणसे शिल्लक होती. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरले. निसरपूरचा बाजार पाण्यात गेला. २०२३ च्या सप्टेंबरात तर कागदावर बुडिताबाहेर असलेल्या घरांतही पाणी शिरले. नदीचे पात्र वाढले, यादीतले पात्र कमी झाले.

माझ्या वर्गात कुक्षीकडचा एक मुलगा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, गाव कोणतं लिहू? जे होतं ते, की जिथे पत्रे टाकून दिलेत ते?” दोन्हींचे नाव एकच होते. मी म्हटले, “मग प्रश्न कुठे आहे, तेच लिही.” तो म्हणाला, “पण तिथे कोणी नाही राहत, आणि इथे आमचं काही नाही.” मी त्याला पुनर्वसन वसाहतीचा पत्ता लिहायला सांगितला, कारण पोस्टमन तिथे येणार होता. तो बरोबर सल्ला होता. पण त्या दिवशी मला काही शिकवता आले नाही.

मराठीला विस्थापन नवे नाही. १९२१ मध्ये, फॉर्स्टर देवासला होता त्याच वर्षी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने धरणग्रस्त हा कादंबरीचा नायक होऊ शकतो हे दाखवले. सरदार सरोवरात महाराष्ट्राचीही ३३ गावे गेली, मणिबेली त्यातलेच. पण नर्मदेच्या या काठावर, जिथे आपण मराठी बोलत दोनशे-तीनशे वर्षे राहिलो, तिथल्या बुडिताबद्दल आपण बृहन्महाराष्ट्रीयांनी फारसे लिहिलेले नाही. कारण मला वाटते ते असे. आपण इथे राज्यकर्त्यांबरोबर आलो, मग कचेऱ्यांत, शाळांत, बँकांत, कारखान्यांच्या कार्यालयांत शिरलो, आणि आता आपली मुले पुण्या-बंगळुरात आहेत. धार-देवासला जे जे आले त्याच्या रांगेत आपण बहुधा पुढे होतो. ज्याला रांगेत उभे राहावे लागत नाही त्याला रांग दिसत नाही.

इथले सरकार ‘हितग्राही’ म्हणते, महाराष्ट्रातले ‘लाभार्थी’ म्हणते. दोन्ही शब्दांत माणूस हात पसरून उभा आहे. मजुरी, जमीन, पाणी हे त्याचे येणे होते, असे सांगणारा शब्द कोणत्याच अर्जात नाही. शब्द घडवणे हे तर आपले, या सभागृहातल्यांचे, काम आहे.

विद्यार्थ्यांना एक विनंती करते. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी ‘माझ्या गावचा इतिहास’ घेऊ नका. आपल्या गल्लीत नळ, बोअर, वीज आणि पक्का रस्ता कोणाच्या दारी कोणत्या साली आला, एवढेच घरोघरी विचारून लिहून काढा. धारच्या मुलांनी निमाडी आणि भिलीतले शेतीचे, काठाचे, गाळाच्या जमिनीचे शब्दही टिपावेत. ज्या जमिनीचे ते शब्द आहेत ती पाण्याखाली आहे आणि ते वापरणारी माणसे साठीच्या पुढची आहेत. अकादमीने या वार्षिक अंकात त्यासाठी काही पाने राखून ठेवावीत, असे मी अध्यक्षांना सुचवते. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः निसरपूरच्या वसाहतीत जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर नाव द्यावे.