तेच घर, पुन्हा तेच दार
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज कविता नाही. आज आकडे. तोंडं वाकडी करू नका. आपल्यावर बोलणारे प्राध्यापक, पुढारी, संपादक सगळे आकडे घेऊन बोलतात आणि आपण घोषणा देऊन घरी जातो. मी मॅट्रिक. मला कळलं, तुम्हालाही कळेल.

गोदीतलं सांगतो. गोदामात आज हजार गोणी मोजल्या. महिन्यानं मोजल्या, तरी हजारच. साहेब म्हणतो, काही हललं नाही. अरे, मधल्या महिन्यात आमच्या पाठी मोडल्या त्याचं काय? जुना माल गेला, नवा आला. हे कळायचं तर नग न् नग नंबरानं ओळखावा लागतो. कंटेनरवर चार अक्षरं नि सात आकडे उगाच रंगवत नाहीत.

माणसांचीही अशीच मोजणी असते. एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ, या दोघांनी मिळून २००४-०५ साली देशभरातल्या ४१,५५४ घरांत जाऊन विचारपूस केली. २०११-१२ ला पुन्हा त्याच घरांची दारं ठोठावली. या पाहणीत गरीब ३८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. वाजवा ढोल! पण ही झाली गोदामाची मोजणी. घराला घर जोडून पाहिलं तेव्हा कळलं की दुसऱ्या खेपेच्या गरिबांत असेही बरेच आहेत, जे पहिल्या खेपेला गरीब नव्हते. कुणी वर आलं, कुणी खाली घसरलं. आणि दलित-आदिवासी घरं गरिबीतून सुटण्याची शक्यता कमी, घसरण्याची जास्त. नुसत्या टक्क्यात हे दिसलं असतं का?

काम कसं करायचं? प्रत्येक घराला नंबर, घरातल्या प्रत्येक माणसालाही नंबर. दोन सालांच्या दोन फायली त्या नंबरावर जोडायच्या. इथं नवशिके आपटतात. घर म्हणजे काही दगड नाही. भाऊ वेगळे झाले की एका घराची दोन घरं होतात, म्हातारी कुणाकडे ते पाहावं लागतं. २००५ चा रुपया २०१२ चा रुपया नसतो. भाववाढ काढून टाकल्याशिवाय कुणी श्रीमंत झालं म्हणायचं नाही.

आणि घरं निवडली कशी, हे आधी विचारायचं. इक्रिसॅटनं १९७५ पासून सोलापूरकडचं शिरापूर, कळमण, अकोला जिल्ह्यातली दोन गावं अशा ठिकाणी वर्षानुवर्षं तीच घरं पाहिली. पाहणी करणारा गावातच राहायचा, दर तीन-चार आठवड्यांनी घरी यायचा. चोख काम. पण गावागणिक ४० घरं, त्यांत मजुरांची १० आणि शेतकऱ्यांची ३०, लहान-मधले-मोठे दहा-दहा. गावात मजूर निम्मे असोत की पाव, वहीत दहाच. या चाळीसांची सरळ सरासरी काढून ‘हे गाव’ म्हणाल तर खोटं बोलाल. प्रत्येक घर किती घरांच्या वतीनं बोलतंय, तेवढं वजन त्याला द्यावं लागतं. हमालाला वजन शिकवायला नको.

आता माझ्या पोटातली गोष्ट. दुसऱ्या खेपेला ८३ टक्के घरं सापडली. शाबास, सात वर्षांनी एवढी सापडणं सोपं नाही. पण राहिलेली? जे घर त्याच गावात, त्याच वस्तीत राहिलं ते धरलं. जे उठून गेलं ते गळालं. शहरांत गळती जास्त. झोपडी तुटली, भाडं वाढलं, काम गेलं, की घर वहीतून गेलं. माझा बाप वळकटी घेऊन मुंबईला आला त्या साली कुणी आमच्या दारात वही घेऊन उभा राहिला असता, तर त्यानं कुलूप लिहिलं असतं. बापाचं पुढं काय झालं ते कुठल्याच रकान्यात आलं नसतं. तो वर आला की घसरला? मलाही नीट सांगता यायचं नाही.

पण गळालेली घरं मुकी नसतात. पहिल्या खेपेला त्यांची जात, जमीन, कर्ज, शिक्षण सगळं लिहून झालेलं असतं. दोन्ही फायली नोंदणी करून फुकट मिळतात. पुढच्या रविवारी ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी आणा. जुळलेल्या घरांकडे नंतर पाहू. आधी न जुळलेली वेगळी काढू, आणि ती कुणाची होती ते जातवार मोजू.