दहाव्या दिवसाचं दूध

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, "या वयात कोडिंग शिकलास, त्यावर चार शब्द बोल." मागच्या बाकावरची मंडळी हसताहेत ते दिसतंय मला. हसा. बीजगणिताच्या माझ्या वहीत निळ्यापेक्षा लाल शाई जास्त असायची, हे तुम्हांलाच ठाऊक.

एका सरांनी मला सांगितलं होतं, "गणित तुझ्या डोक्याचं काम नाही, बाळ." रागानं नव्हे, मायेनं. म्हणूनच ते पटलं. वेल्ह्याकडची आम्ही पोरं भोरला खोली करून राहायचो. भाताची लावणी आली की आठ-पंधरा दिवस गावी चिखलात. परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा. त्या पंधरवड्याचा हिशेब कुणी धरला नाही, मीही नाही. डोकंच कमी, असं ठरलं आणि पुढची तीस वर्षं मी ते जपलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मुलगी नववीत असताना तिच्यासमोर मी सहज बोलून गेलो, "आपल्या घराण्यात गणित नाही." दहावीनंतर तिनं गणित सोडलं. का, म्हणून विचारलं, तर माझंच वाक्य तिनं मला परत केलं.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. दर दहा दिवसांनी बिल काढायचं. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दरपत्रकातला दर, मग पशुखाद्य आणि उचल यांची कपात. दोन रात्री जायच्या. एमएस-सीआयटी केलेलं होतं, पण ते पत्र टाइप करण्यापुरतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाच्यानं सांगितलं की आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही आहेत. त्याचाच जुना लॅपटॉप घेऊन पायथनला हात घातला. वय ४७.

पहिले दोन महिने नुसत्या चुका. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली तरी गाडी अडते. समास सोडला नाही म्हणून पट्टी खाल्लेल्यांना हे लगेच कळेल. अखेर बिलाचा प्रोग्राम तयार झाला. मी इतका खूश, की हाताच्या हिशेबाशी न ताडताच बिलं छापली.

दुसऱ्या दिवशी आमच्या एक आक्का आल्या. लिहिता-वाचता येत नाही. घरच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून दूध मोजतात. म्हणाल्या, "सचिव, माझं एका दिसाचं दूध कुठं गेलं?" बरोबर होतं. मी रेंजच्या कंसात एक आणि दहा लिहिलं होतं. पायथन तिथं नऊवरच थांबतो, शेवटचा आकडा धरत नाही. सगळ्या गावाचं दहाव्या दिवसाचं दूध मी गायब केलं होतं! त्या रात्री जुनं वाक्य पुन्हा वर आलं, डोक्याचं काम नाही. पण पैसे लोकांचे होते, त्यामुळे रडायला सवड नव्हती. दहाच्या जागी अकरा लिहिलं आणि बिलं पुन्हा छापून घरोघर बदलून दिली.

मग वाचायला लागलो. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं. तीन महिन्यांनी मेंदूच्या चित्रात हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा भाग वाढलेला दिसला, सराव सोडल्यावर तो पुन्हा घटला. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग केला. शिकायला ते तरुणांपेक्षा कच्चे निघाले, पण मेंदूत बदल त्यांच्याही झाला. मला यातलं 'सराव सोडल्यावर घटतो' हे जास्त खरं वाटतं. लावणीच्या दिवसांत पंधरा दिवस लॅपटॉप उघडला नाही, तर आजही मी अडखळतो.

आणखी एक, खास आपल्या मराठीच्या बाईंसाठी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२० च्या एका छोट्या अभ्यासात पायथन शिकणाऱ्यांची प्रगती पाहिली. त्यात अंकज्ञानापेक्षा नवी भाषा शिकण्याची हातोटी जास्त उपयोगी ठरली. बाई, तुमचं वाक्यपृथक्करण मला आवडायचं. 'जर-तर'चं वाक्य फोडता येणाऱ्याला कोडमधलं 'जर-तर' परकं वाटत नाही.

कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 'येत नाही'च्या आधी 'अजून' जोडण्याचा सल्ला हल्ली शाळांच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. त्यावर पुढे मोठ्या पडताळण्या झाल्या आणि मार्कांवरचा परिणाम लहानच निघाला. मला नवल वाटलं नाही. 'अजून' म्हणून रेंज सुधारत नाही. चूक दाखवणारी आक्का लागते, आणि चुकलेलं बुडालेलं वर्ष भरून काढायला कुणीतरी सोबत बसावं लागतं.

मागच्या दिवाळीत मुलीनं माझा प्रोग्राम उघडला, थोडा वाचला आणि लॅपटॉप मिटला. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी फोनवर तिनं विचारलं, "बाबा, पण अकराच का?" आम्ही पाऊण तास बोललो.

प्रोग्राम अजून अपुरा आहे. एकाच खात्यात गाईचं आणि म्हशीचं दूध आलं की गोंधळतो. लॅपटॉप सोबत आणलाय. जेवणानंतर कुणाला बघायचा असेल तर या, पण बॅटरी जुनी आहे, प्लगजवळची जागा धरून ठेवा.